घरगुती बिझनेस करताय? मग आधी "आपलंच का घ्यावं" ते शोधा, लोगो नंतर

घरगुती बिझनेसवाल्या बऱ्याच ताया-दादा माझ्याकडे लेबल आणि पेज करून घ्यायला येतात, कोणाचा मसाला, कोणाचे पापड-कुरडया, कोणाचं लोणचं, आणि पहिलं वाक्य जवळपास ठरलेलं असतं की लोगो करून द्या ना, इन्स्टावर काय टाकू ते सांगा ना. मी विचारते, तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अजून चार जणी मसाला विकतात, मग लोकांनी तुमचाच का घ्यायचा? उत्तर येतं, आमचा शुद्ध आहे, घरगुती आहे, केमिकल नाही. अहो पण त्या चारही जणी हेच म्हणतायत, आणि खरंच म्हणतायत. त्यामुळे तिथून ओळख बनत नाही.

मी खान्देशातली, आता पुण्यात, म्हणून उदाहरण काळ्या मसाल्याचं घेते. तुमचं काम दुसरं असेल तरी पायऱ्या ह्याच.

पर्पज, म्हणजे धंद्यामागचा हेतू: काय लिहायचं

मोठं वाक्य लिहायला बसू नका. "समाजाला आरोग्यदायी अन्न देणे" वगैरे लिहून भिंतीवर लावलं तरी उद्या सकाळी त्याने तुमचा एकही निर्णय सोपा होत नाही. वही घ्या आणि तीन गोष्टी लिहा: हे मी नेमकं कोणासाठी करतेय, बाजारात मिळतं त्यातलं मला काय खटकतं, आणि कितीही पैसे दिले तरी मी काय करणार नाही. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच लोक लिहीत नाहीत.

लिज्जतचं बघा. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. घरातल्या बाईला घर सांभाळून स्वतःच्या कष्टाचे पैसे मिळावेत, एवढाच हेतू. पण तो हेतू इतका स्पष्ट होता की बाकीचं त्यातूनच ठरत गेलं. पीठ केंद्रावर मळायचं, बहिणींनी (तिथे काम करणाऱ्या बायकांना असंच म्हणतात) ते घरी न्यायचं, लाटायचं, वाळवायचं आणि पापड परत आणून द्यायचे. काम करणारी प्रत्येक बहीण मालक. देणगी घ्यायची नाही. सुरुवातीला त्या दोन प्रतीचे पापड करत होत्या, एक चांगला आणि एक जरा हलका स्वस्तातला, तेव्हा त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या छगनलाल पारेखांनी सांगितलं की एकच प्रत ठेवा, दर्जात तडजोड करू नका. हलका पापड बंद झाला. मला ही सगळी गोष्ट त्या एका निर्णयासाठी आवडते, कारण स्वस्त माल विकून तेव्हा चार पैसे जास्त आले असते आणि त्या बायकांना त्याची गरज होतीच. २०२१ मध्ये त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना पद्मश्री मिळाली.

तर तुमच्या वहीत असं काहीतरी यायला हवं: "पुण्यात नोकरीसाठी आलेल्या खान्देशी पोरांना आणि जोडप्यांना घरच्यासारखी शेवभाजी करता यावी म्हणून मसाला. बाजारच्या काळ्या मसाल्यात खोबरं नीट भाजलेलं नसतं, हे खटकतं. रंग टाकणार नाही, मागच्या वर्षीची मिरची वापरणार नाही." बस. एवढ्यावर उद्याचे दहा निर्णय घेता येतात.

हे सुचत नसेल तर व्हॉट्सॲप उघडा

हे मी प्रत्येकाला करायला लावते. जुन्या ऑर्डरींचे चॅट वर वर स्क्रोल करा आणि गिऱ्हाइकांनी स्वतः लिहिलेली वाक्यं जशीच्या तशी वहीत उतरवा, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. "मस्त", "छान आहे ताई", अंगठा, हे सोडून द्या. "सासूबाईंनी विचारलं मसाला गावावरून मागवला का", "मेसचं खाऊन कंटाळलेलो, रूमवर भरीत केलं", "मुलगी हॉस्टेलला घेऊन गेली" ही वाक्यं उचला. वीस-पंचवीस झाली की काही शब्द परत परत दिसायला लागतात. गाव, रूम, आई, हॉस्टेल. म्हणजे तुमचं गिऱ्हाईक घरापासून लांब राहणारा माणूस आहे, आणि तुम्ही आजवर जाहिरात करत होतात सोसायटीतल्या काकूंना, ज्या स्वतःच उन्हाळ्यात मसाला करतात!

कोणी दुसऱ्यांदा मागवलं ते वेगळं काढा, व्हॉट्सॲपच्या बिझनेस अकाउंटवर चॅटला लेबल लावायची सोय आहेच. पहिली ऑर्डर ओळखीने येते, कौतुक म्हणूनही येते. दुसरी ऑर्डर मालासाठी येते.

एकच गोष्ट धरा, आणि ती दर वेळी तशीच करा

आता "आमच्याकडे सर्व प्रकारचे मसाले मिळतील" हे बोर्डावरून काढा. गोडा, मालवणी, कांदा-लसूण, सावजी, काळा, सगळं एकाच घरात तितकंच चांगलं होत नाही, आणि लोकांच्या डोक्यात तुमच्या नावापुढे एकच पदार्थ बसतो. चितळे म्हटलं की बाकरवडी. त्यांचं मूळ १९३९ चं, सांगलीकडच्या भिलवडीतला दुधाचा धंदा, आज त्यांच्याकडे शंभर गोष्टी मिळतात, तरी पाहुण्यांसाठी न्यायचं काय तर बाकरवडी, कारण तुमच्या लहानपणी होती ती चव आजही तशीच लागते.

घरगुती मसाल्यात गडबड इथेच होते. मार्चचा मसाला भारी, जूनचा फिका. गिऱ्हाईक बोलत नाही, फक्त परत येत नाही. म्हणून घाण्याची, म्हणजे एका वेळी केलेल्या मसाल्याची, वही ठेवा. प्रत्येक घाण्याला तारीख, बेडगी किती आणि लवंगी किती, मिरची कोणाकडून घेतली, धने किती, दगडफूल किती, खोबरं कोणी भाजलं आणि कितपत. हे "कितपत" शब्दात सांगता येत नाही म्हणून फोटो काढा, त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात. काळ्या मसाल्यात खोबरं बदामी झालं की थांबलात तर तो काळा मसाला होत नाही, आणि अजून एक मिनिट जास्त ठेवलंत तर कडवट होतो, सगळा खेळ त्या मधल्या जागेत आहे आणि ती जागा वहीत पकडायची आहे. प्रत्येक घाण्यातला थोडा मसाला काचेच्या बाटलीत तारीख टाकून ठेवा, म्हणजे तक्रार आली की शेजारी शेजारी ठेवून वास घेता येतो. आणि मिरची उन्हाळ्यातच भरा, कडक वाळलेली, पावसाळ्यात ओल धरलेल्या मिरचीचा मसाला टिकत नाही, मग कोणी कितीही स्वस्तात देऊ दे.

तुम्हाला वाटेल ब्रँडिंगमध्ये हे काय. माझ्या मते सत्तर टक्के ब्रँडिंग हेच आहे.

भाव: इथे लाजू नका

हेतू चांगला आहे म्हणून भाव कमी ठेवायचा, असं बऱ्याच जणी करतात आणि मग दीड वर्षात थकून बंद करतात. हिशोब असा मांडा (आकडे नुसते समजण्यासाठी). १० किलो कच्चा माल ५,५०० रुपये. डंकावर (मसाला कुटायच्या यंत्रावर) कांडप ५००. गॅस-तेल ३००. निवडायला-भाजायला दोन बायका, दोघींचे १,०००. तुमचा स्वतःचा दिवस ८००, हा धरायचाच. झाले ८,१००. भाजून-कुटून घट होते, समजा ९ किलो मसाला निघाला, म्हणजे ९०० रुपये किलो, पाव किलोला २२५, वर पाउच आणि लेबल १५, एकूण २४०. आता तुम्ही २५० ला विकलात तर उद्या कुठल्याही दुकानात ठेवता येणार नाही, कारण दुकानदार २०-२५ टक्के तरी मागणार. एमआरपी ३४० ठेवलीत तर २५ टक्क्यांनी दुकानदाराचे ८५ जाऊन हातात २५५, म्हणजे पाकिटामागे १५ तरी सुटतात, आणि थेट विकलं तर १०० सुटतात, ज्यातून प्रदर्शनाचा स्टॉल आणि खराब झालेली पाकिटं निघतात.

"एवढं महाग?" असं कोणी विचारलं तर वाद घालू नका, सूट पण देऊ नका. आत काय आहे ते सांगा, ५० ग्रॅमचं छोटं पाकीट ठेवा आणि सोडून द्या.

नाव

नाव ठेवताना घाई नको. "गावरान", "घरगुती", "शुद्ध", "आईची चव", "खान्देशी तडका" ही नावं कानाला गोड वाटतात पण नुसत्या वर्णनाच्या शब्दांना ट्रेडमार्क मिळणं अवघड असतं, आणि उद्या समोरच्याने तेच लिहिलं तर तुम्ही काही करू शकत नाही. असं नाव घ्या ज्याचा मसाल्याशी थेट संबंध नाही पण तुमच्याशी आहे, आजीचं नाव, वाड्याचं नाव, शेताला घरात जे म्हणतात ते. मग ते नाव आधी कोणी घेतलंय का ते आयपी इंडियाच्या (ट्रेडमार्क नोंदवणाऱ्या सरकारी खात्याच्या) साइटवर सर्च करा, फुकट आहे. ट्रेडमार्कसाठी माल आणि सेवांचे एकूण ४५ वर्ग असतात, मसाला वर्ग ३० मध्ये येतो, लोणचं २९ मध्ये. स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाला ४,५०० रुपये सरकारी फी आहे. अर्ज केला की नावापुढे टीएम लिहू शकता, पण गोलातला आर मात्र नोंदणी मिळाल्यावरच. नोंदणी दहा वर्षं चालते, मग रिन्यू.

आणि भिवापुरी मिरची, सांगलीची हळद, कोल्हापूरचा गूळ यांना जीआय, म्हणजे त्या भागातल्या मालाच्या नावाला मिळणारी सरकारी ओळख, मिळालेलं आहे. ही नावं पाकिटावर टाकणार असाल तर माल खरंच तिथला हवा, बिल जपून ठेवा. तिथल्या शेतकऱ्यांनी ते नाव कष्टाने मिळवलंय.

एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेची) नोंदणी पहिल्या दिवसापासून करा, १४ आकडी नंबर पाकिटावर येतो. सोबत घटक, निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, बॅच नंबर (कुठला घाणा ते कळायला), शाकाहाराची हिरवी खूण, तुमचा पत्ता आणि तक्रारीसाठी फोन. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

आता तुमचा चेहरा

पर्सनल ब्रँड म्हणजे सूट घालून फोटो आणि खाली इंग्रजी सुविचार, हे डोक्यातून काढून टाका. तुमच्याकडे दाखवण्यासारखं भरपूर आहे. मिरचीचे देठ काढताना हात कसे पोळतात आणि तुम्ही तेल लावून कसं करता. दोन वेगवेगळ्या घाण्यांचा रंग का बदलला. नवशिक्या पोराने रूमवर एका इंडक्शनवर शेवभाजी कशी करायची, ते पण दीड मिनिटात. ज्या बायका तुमच्याकडे भाजतात त्यांना, त्यांची हरकत नसेल तर, कॅमेऱ्यासमोर बोलू द्या. आणि बोला तुम्ही घरी बोलता तसंच! अहिराणी येत असेल तर अहिराणीत बोला, लेवा बोली असेल तर ती. पुणेरी मराठी आणायच्या नादात खूप जणींचा आवाजच निघत नाही, आणि तुमच्या गिऱ्हाइकाला तर तीच बोली ऐकायचीय, ती ऐकूनच तो थांबतो.

आठवड्यातून दोन पोस्ट पुष्कळ झाल्या. गिऱ्हाइकाचा मेसेज टाकायचा असेल तर आधी विचारा आणि नाव-नंबर झाका. व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट (एकच मेसेज एकदम अनेकांना) पाठवताना लक्षात ठेवा, ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच ते जातं, म्हणून पार्सलमध्ये चिठ्ठी टाका की नंबर सेव्ह करा, पुढच्या घाण्याची तारीख कळवू.

वाईट अनुभव कोणी जाहीर लिहिला तर कमेंट डिलीट करू नका. तिथेच बॅच नंबर विचारा, बाटलीतला नमुना तपासा, चूक आपली असेल तर तिथेच मान्य करून नवीन पाकीट पाठवा. बाकीचे सगळे हे बघत असतात.

नाही म्हणायची वेळ

ही येणारच. केटरर म्हणेल पन्नास किलोची ऑर्डर देतो पण रस्सा लालभडक दिसला पाहिजे, जरा रंग टाका, भाव पण जरा उतरवा. सुदान नावाच्या लाल रंगासारखे कृत्रिम रंग खाण्यात टाकायला बंदीच आहे, पण कायद्याचं बाजूला ठेवा, तुमच्या वहीतली तिसरी ओळ काय होती? अशा वेळी माझी एकच सूचना असते, लगेच उत्तर देऊ नका, "उद्या कळवते" म्हणा, रात्री वही उघडा आणि सकाळी साधा मेसेज टाका की आम्ही रंग वापरत नाही, बेडगी वाढवून देऊ शकते, भाव हा. काही केटरर जातात, काही राहतात, आणि जे राहतात ते वर्षानुवर्षं राहतात.

दुसरं प्रॉडक्ट कधी

पहिल्या मसाल्याचे नेहमीचे गिऱ्हाईक इतके झाले की पुढचे दोन-तीन घाणे आधीच बुक असतात, तेव्हा. आणि काय आणायचं ते तुमच्या हौशीवर ठेवू नका, तोच माणूस त्याच ताटात अजून काय शोधतोय ते बघा. शेवभाजीवाल्याला कळण्याच्या भाकरीचं पीठ लागतं, ज्वारी-उडदाचं, आणि पुण्यात ते पटकन मिळत नाही. अर्धा-अर्धा किलोच्या साध्या पिशव्या करा, नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या पार्सलमध्ये टाका, वर हाताने लिहा "भाकरी करून बघा आणि कशी झाली ते कळवा". महिनाभरात किती जणांनी पैसे देऊन परत मागितलं ते मोजा, आणि ते आकडे बघूनच लेबल छापायला या.