फरशीवर पाणी आणि गाडी लेट: चालक-वाहकांनो, या चुका टाळा

फरशीवरून, म्हणजे ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी चाललंय, गाडी चाळीस मिनिटं लेट आहे आणि मागून आवाज येतो, "घाला की दादा, आत्ताच जीप गेली!" एसटीच्या कामात जिवावर बेतणारे निर्णय अशाच वेळी घेतले जातात. २६ वर्षं वाहक म्हणून काढली, त्यावरून सांगतो: आधीच्या स्टँडवर "आता टाइम कव्हर करू" असं ज्यानं मनाशी धरलं, त्याला पुढचं पाणी कमीच दिसतं.

पहिली चूक वाहकाची, आणि ती मी स्वतः केली आहे. श्रावणातली संध्याकाळ, मुक्कामाची गाडी. चालकानं ब्रेक लावून विचारलं, "काय करायचं?" मी म्हणालो, "तुम्ही बघा." स्टिअरिंग त्यांच्या हातात, म्हणजे ठरवायचंही त्यांनीच, असं मी धरून चाललो होतो. त्यांनी गाडी घातली. मध्यावर पाणी पायरीला लागलं आणि गाडीची मागची बाजू हलकीच सरकली. पलीकडे सुखरूप निघालो. शेजारच्या आजींनी माझं मनगट धरलं होतं, ते गाव येईपर्यंत सोडलं नाही. त्या वेळी चालकाला माझ्याकडून "नको, थांबू" एवढंच हवं होतं. संकोच वाटला तरी थांबायची एक बेल मारा.

आधी गेलेल्या गाडीवरून अंदाज बांधू नका. जीप गेली तेव्हाचं पाणी पुढे निघून गेलं, आता वरून आलेलं वेगळं आहे. बसचं अंग मोठं, रेटा त्या सगळ्या अंगावर बसतो. दोन फूट वाहतं पाणी जड गाडीलाही ढकलतं, आणि गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की खचलीय हे कुणालाच दिसत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल कोसळला आणि दोन एसटी गाड्या वाहून गेल्या. त्या अंधारात चालकांना काही ठरवायला वावच नव्हता. सप्टेंबर २०२१ मध्ये उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यात नांदेड-नागपूर मार्गावरची गाडी वाहून गेली, तेव्हा मात्र पाणी पुलावरून वाहताना दिसत होतं.

थांबायचं तर उंच, टणक जागी थांबा, पाण्याच्या अगदी तोंडाशी नको. वाहकानं उतरून पाण्याच्या कडेला एक दगड ठेवावा. दहा मिनिटांनी तो बुडाला तर पाणी चढतंय, कोरड्यात राहिला तर उतरतंय. प्रवाशांना तो दगड दाखवा, निम्मा आरडाओरडा तिथेच थांबतो. पाणी उतरतंय म्हणून लगेच गाडी काढायची नाही. फरशी पूर्ण उघडी पडली की आधी चालत जाऊन बघायची. दरम्यान आगाराला फोन करा आणि थांबल्याची वेळ व कारण लिहून ठेवा. उशिराचा जाब विचारला गेला तर तोंडी सांगितलेलं टिकत नाही.

घाटात डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे अजून आहेत. ज्या गिअरनं घाट चढतो त्याच गिअरनं उतरायचा, हा जुना नियम आजही खरा आहे. नुसत्या ब्रेकवर गाडी उतरवली तर लायनर तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक लागेनासा होतो. इंजिन बंद करणं त्याहून वाईट, कारण ब्रेक हवेच्या दाबावर चालतो, आणि इंजिन बंद झालं की ती हवा भरायची थांबते आणि प्रत्येक ब्रेकला प्रेशर खाली येतं.

"ब्रेक जरा कमी लागतोय" हे मेकॅनिकला चहा पिताना सांगून घरी जाऊ नका. लिहून द्या. सकाळी तीच गाडी दुसरा चालक घेऊन जाणार असतो, त्याला तुमचं बोलणं कुठून कळणार?

रातराणीवर पहाटे ३ ते ५ ही वेळ जड जाते. त्या वेळात वाहकानं सीटवर डुलकी काढू नये, केबिनजवळ बसून बोलत राहावं. चालकाचं उत्तर उशिरा यायला लागलं किंवा तेच वाक्य दोनदा आलं, की पुढच्या धाब्यावर गाडी बाजूला घ्यायला सांगा आणि त्याला वीस मिनिटं झोपू द्या.