पोटगी भरता, पण मूल कुणाच्या टॅक्स रिटर्नमध्ये?

अमेरिकेत दरमहा मुलांची पोटगी भरली, तरी मूल आपोआप आपल्या रिटर्नवर (आपल्यावर अवलंबून म्हणून) येत नाही. वर्षातल्या जास्त रात्री मूल ज्याच्या घरी झोपतं, हक्क त्याचा. त्यामुळे रात्रींची नोंद कॅलेंडरवर ठेवा. वाद झाला की तीच कामाला येते.

रात्री दुसऱ्या पालकाकडे जास्त, तरी मूल तुम्ही दाखवायचं ठरलं असेल तर:

१. फॉर्म ८३३२ वर (मूल दाखवण्याचा हक्क सोडल्याचा फॉर्म) दुसऱ्या पालकाची सही फेब्रुवारीतच मागा. एप्रिलमध्ये कोण फोन उचलतं!
२. फॉर्म रिटर्नला जोडा. घटस्फोट २००८ नंतरचा असेल, तर कोर्टाच्या हुकुमाची प्रत त्याऐवजी चालत नाही.

सावधान: यातून चाइल्ड टॅक्स क्रेडिट (मुलामागे करात मिळणारी सूट) मिळतं, 'हेड ऑफ हाउसहोल्ड' (एकट्याने घर चालवणाऱ्याचा, कमी कराचा) दर्जा नाही.