मुंबई बंदरातून क्रूझ सुटताना या चुका टाळा

मुंबईहून गोव्याला किंवा लक्षद्वीपला निघालेल्या क्रूझवर पाहण्यासारखं सगळ्यात जास्त पहिल्या तास-दीड तासात असतं, आणि नेमकं तेच बहुतेकांचं हुकतं. त्या वेळी कोणी केबिनमध्ये बॅगा उपसत असतं, तर कोणी बुफेच्या रांगेत असतं. चहा नंतरही मिळतो.

चुकीच्या बाजूला उभं राहणं. ही सर्वांत महागात पडणारी चूक. बॅलार्ड पिअरच्या धक्क्याला जहाज कुठल्याही बाजूने लागलेलं असू शकतं. त्यामुळे धक्क्यावर असताना बाल्कनीतून जे दिसतं त्यावर काहीच ठरवू नका. जहाजाचं तोंड दक्षिणेला वळलं की हिशेब पक्का होतो: उजवीकडे शहर, डावीकडे आणि जरा मागच्या अंगाला जवाहर द्वीप, घारापुरी आणि न्हावा-शेव्याच्या क्रेन. उजवीकडे आधी नौदलाची गोदी लागते. तिचे आणि युद्धनौकांचे फोटो काढायचे नाहीत, मोबाइल खिशात ठेवा. धक्क्यापासून दोनेक किलोमीटरवर गेटवे आणि ताज येतात, मग कुलाबा, आणि शहराच्या दक्षिण टोकाला खडकावरचं १८७५चं प्रॉंग्ज दीपगृह. त्याच्या पुढे खुला समुद्र. म्हणून जाताना उजवी बाजू धरा. परतीला जहाज उत्तरेकडे येतं, तेव्हा शहर डावीकडे आणि सूर्योदय उजवीकडे असतो. बाल्कनीची केबिन घेताना हे आधी ठरवा, नंतर बदलून मिळणं कठीण.

छापील वेळेवर विसंबणं. चेक-इन जहाज सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं, आणि जहाज मात्र पायलट (बंदरातून वाट दाखवणारा जाणकार), टग (जहाज ओढणाऱ्या छोट्या बोटी) आणि वाहतुकीच्या सोयीने सुटतं. उशीर झाला की लोक कंटाळून खाली जातात आणि तेवढ्यात दोर सुटतात. निघण्याच्या खुणा ओळखा: शिडी काढली जाते, धक्क्यावरची माणसं खुंटांवरून दोर सोडतात, पायाखाली थरथर जाणवते (पुढचे थ्रस्टर, म्हणजे जहाज आडवं सरकवणारे पंखे, चालू झाले) आणि जहाज आधी आडवंच धक्क्यापासून सरकतं. भोंग्याचीही भाषा असते. सेकंदभराचा एक आखूड भोंगा म्हणजे जहाज उजवीकडे वळतंय, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे इंजिन मागे चालवतायत.

सुरक्षा कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच होते आणि ती चुकवता येत नाही. काही जहाजांवर आपापल्या सोयीने जाऊन नोंद करायची मुभा असते. तिथे चढल्या चढल्या उरकून टाका, नाहीतर गेटवेसमोरून जाताना तुम्ही लाइफ जॅकेट घालून हॉलमध्ये बसलेले असाल.

फोटो काळे किंवा धुरकट येणं. बंदर शहराच्या पूर्वेला, म्हणून संध्याकाळचा सूर्य इमारतींच्या मागे असतो. मोबाइल आपला आपला उजेड ठरवतो आणि आकाश तरी पांढरं पडतं किंवा ताज तरी काळा. आकाशावर बोट दाबून धरा, उजेड लॉक झाला की किंचित कमी करा. इमारतींच्या काळ्या कडा आणि मागचं केशरी आकाश हाच इथला खरा फोटो आहे. डिसेंबरात सूर्य सहाच्या थोडा नंतर मावळतो, मेमध्ये सातनंतर. म्हणजे पाचला सुटलेल्या जहाजावर हिवाळ्यात घाई करावी लागते, उन्हाळ्यात नाही. धुरकटपणाचं कारण वेगळं: एसी केबिनमधून दमट हवेत आलात की भिंगावर वाफ धरते. पुसली तरी ती परत येते, म्हणून कॅमेरा पंधरा-वीस मिनिटं आधीच बाहेर आणून ठेवा.

सगळ्यात वरच्या डेकवर डीजे, गर्दी आणि वारा. जहाज पंधरा नॉटने, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटरने निघालं की टोपी, ओढणी, चष्मा सांभाळा. धुराड्याच्या मागे उभं राहिलं तर काजळीही अंगावर येते. त्यापेक्षा खालचा, जीवरक्षक होड्यांजवळचा डेक बरा. आणि समुद्राला नारळ-फुलं वाहायची हौस कठड्यावरून भागवू नका. ती बरेचदा खालच्या बाल्कनीतल्या पाहुण्याच्या अंगावर पडतात, शिवाय जहाजावरून कचरा टाकायला कायद्याने बंदी आहे.

ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी डॉक्टरांना विचारून सुटण्याआधीच घ्यावी. बंदरात पाणी शांत असतं, लाटा प्रॉंग्ज ओलांडल्यावर जाणवतात, आणि मळमळ सुरू झाल्यावर गोळीचा फारसा उपयोग होत नाही. जेवण हलकं ठेवा, जहाजाच्या मध्यभागी खालच्या डेकवर नजर क्षितिजावर ठेवून बसा.

कोकणचे सगळे किल्ले दिसतील अशी आशा. दिसत नाहीत. जहाज रत्नागिरी-सिंधुदुर्गासमोरून बहुधा रात्रीच जातं आणि किनाऱ्यापासून समुद्रात बरंच आत असतं. ३० मीटर उंचीच्या डेकवरून क्षितिज जेमतेम २० किलोमीटरवर येतं. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग जमिनीवरूनच पाहावेत. खांदेरी बेटाची मात्र आशा ठेवा: शहर मागे पडल्यावर डावीकडे लुकलुकणारा प्रकाश दिसला तर तो तिथल्या कान्होजी आंग्रे दीपगृहाचा असू शकतो.

निरोप द्यायला आलेल्यांची चूक म्हणजे मरीन ड्राइव्हवर जाऊन उभं राहणं. ती शहराची पश्चिम बाजू, जहाज सुटतं पूर्वेकडून. बंदराच्या आतही पाहुण्यांना सोडत नाहीत. गेटवेच्या कठड्यावर उभे राहा, मोबाइलवर जहाजांचा मागोवा दाखवणारं अॅप उघडा आणि जहाजाचा वेग शून्यावरून वर गेला की हात हलवायला तयार राहा.