मृगाआधी बेंड पाइप रंगवायचा, तर आधी हाताशी काय काय हवं

जुन्या मोटारसायकलच्या बेंड पाइपला, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे धूर नेणाऱ्या वाकड्या पाइपला, हीटप्रूफ रंग द्यायचा तर मे महिना सोडू नये. मृग लागला की साताऱ्यात काय, सांगलीत काय, हवा इतकी दमट होते की सकाळी घासून लख्ख केलेला पत्रा दुपारच्या आत तांबूस पडतो. मेमध्येसुद्धा वळीव दुपारनंतरच गाठतो, म्हणून रंगाचं काम सकाळी आठ ते अकरामध्ये उरकायचं. पुढची सगळी तयारी एकाच हिशेबाने लावली आहे: पत्रा उघडा झाल्यापासून दोन तासांच्या आत त्यावर रंगाचा पहिला हात बसला पाहिजे. घासून झाल्यावर अॅसिटोन आणायला दुकानात जावं लागलं, तर परत आल्यावर पुन्हा घासणं आलं.

पाइप उतरवण्याच्याही आधी इंजिन बघा. हेडजवळचा (इंजिनाच्या वरच्या भागाजवळचा) वीतभर भाग निळा-जांभळा पडला असेल, किंवा आधी दिलेला रंग नेमका तिथेच पांढरट होऊन उडाला असेल, तर दोष बहुतेक वेळा रंगाचा नसतो. कार्ब्युरेटरचं मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) असलं, गॅस्केटमधून हवा शिरत असली किंवा ठिणगीचं टायमिंग मागे पडलं असलं की पाइप गरजेपेक्षा जास्त तापतो. पॉइंटवाल्या (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क असलेल्या) जुन्या बुलेटला तर पॉइंटचा गॅप आणि टायमिंग आधी लावून घ्या. हे न करता रंगवलेला पाइप महिन्याभरात पुन्हा तसाच दिसेल.

आता उतरवणं. आदल्या संध्याकाळी इंजिन पूर्ण गार असताना स्टडच्या (हेडमधून बाहेर आलेल्या आटेदार दांड्यांच्या) नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारा, सकाळी पुन्हा एकदा मारा. पाना लावला की एकदम जोर नको. पाव फेरा उलटा, थोडा सुलटा, परत स्प्रे, असं करत नट काढायचा. नट हटेनाच, तर तो उभा कापून फोडा. नट पाच-दहा रुपयांचा असतो, पण अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये तुटलेला स्टड काढायला लेथवाल्याकडे जावं लागतं. येझदी-जावाच्या मोठ्या रिंग नटाला हूक पानाच हवा. छिन्नी-हातोडीने नटाचे दात मोडतात आणि सिलिंडरवरचे आटेही जातात. पाइप निघाला की एक्झॉस्ट पोर्टमध्ये (इंजिनातून धूर बाहेर पडायच्या तोंडात) स्वच्छ फडक्याचा बोळा घाला आणि त्याचं टोक हातभर बाहेर लोंबतं ठेवा, म्हणजे बसवताना तो आत विसरत नाही. जुनं गॅस्केट कोरडं खरवडू नका, जुन्यांत अॅस्बेस्टॉस असू शकतं. पाण्याने भिजवून काढा. नवीन गॅस्केट, नवीन नट आणि सायलेन्सरचा नवा क्लॅम्प आधीच आणून ठेवा.

यानंतरची तपासणी बहुतेक जण टाळतात, आणि पैसे वाया जातात ते तिथेच. पाइप आतून सडतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटरभर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. घरापासून मंडईपर्यंतच्या छोट्या फेऱ्यांत पाइप पुरता तापत नाही आणि ती वाफ सायलेन्सरच्या जोडाशी पाणी होऊन साचते. म्हणून अंधाऱ्या खोलीत पाइपच्या एका तोंडातून टॉर्च लावा आणि बाहेरून उजेडाचा ठिपका कुठे दिसतो का ते पाहा. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने बेंडच्या खालच्या बाजूला, वेल्डिंगच्या कडेला आणि जोडाजवळ ठोकत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला बद्द वाजतो. एखादंच भोक असेल तर रंगाच्या आधी वेल्डिंग करून घ्या, मात्र त्या जागेचं क्रोम आधी घासून काढा, कारण तापलेल्या क्रोमचा धूर विषारी असतो. खालची बाजू दोन-तीन ठिकाणी बद्द वाजत असेल, तर रंगाचा विचार सोडा आणि नवा पाइप घ्या.

सांगलीत २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्यांचे पाइप अजूनही फिरत आहेत. अशा पाइपमध्ये आणि सायलेन्सरमध्ये गाळ असण्याची दाट शक्यता असते. तो स्वच्छ पाण्याने धुऊन, तोंड खाली करून दोन दिवस उन्हात ठेवा आणि मगच वरची तपासणी करा.

पाइप क्रोमचा असेल तर आधी निर्णय घ्या. क्रोम शाबूत आहे, नुसते गंजाचे ठिपके आहेत, तर रंगवू नका. अॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा, ठिपके जातात आणि क्रोमवर चरे पडत नाहीत. क्रोमचे पापुद्रे निघत असतील तर वरून रंग देणं व्यर्थ आहे. गुळगुळीत क्रोमवर रंग धरत नाही आणि धरला तरी पापुद्र्यासकट निघतो. अशा वेळी क्रोम उतरवून घ्यावं किंवा नव्याने प्लेटिंग करावं. प्लेटिंग करणाऱ्याला निकेलचा थर किती देणार ते विचारा. वरचं क्रोम एका मायक्रॉनहूनही पातळ असतं, गंज अडवतं ते खालचं निकेल. पाइपची तोंडं बंद करूनच टाकीत घालायला सांगा. दुहेरी पत्र्याच्या पाइपमध्ये अॅसिड मधल्या फटीत अडकतं आणि पुढे आतून खात राहतं, असा पाइप अॅसिडच्या टाकीत न घातलेलाच बरा. घरी अॅसिडने क्रोम काढायचा उद्योग तर अजिबात करू नका.

रंगवायचंच ठरलं, तर सामान असं: ८० आणि १८० नंबरचा पॉलिश पेपर, प्रत्येकी तीन-चार कागद, ग्राइंडरचा वायर कप, अर्धा लिटर अॅसिटोन, धागे न सुटणारं पांढरं सुती कापड, नायट्राइलचे हातमोजे, गॉगल आणि मास्क, टांगायला तार, ६०० अंशांच्या वर टिकणाऱ्या सिलिकॉन हीटप्रूफ रंगाचा ४०० मिलीचा एक डबा. एकच डबा पुरे. ३८ मिमी व्यासाचा, ७० सेंमी लांब पाइप धरला तर रंगवायची जागा जेमतेम ८३५ चौरस सेंमी, म्हणजे मोठ्या थाळीपेक्षा थोडीच जास्त. डबा उरला म्हणून आणखी एक हात देऊ नका. जाड थर तापला की फुगतो आणि टरफलासारखा सुटतो.

पावडर कोटिंग सुचवणारे बरेच भेटतात. साधी पॉलिएस्टर पावडर भट्टीत शिजते तीच १८०-२०० अंशांना. पोर्टजवळचा पाइप त्याच्या कितीतरी पुढे जातो. चेसिससाठी ते उत्तम, पाइपसाठी नाही. खाली साधा प्रायमर किंवा गंज काळा करणारं रसायनही नको, कारण रंग टिकला तरी त्याखालचा थर जळतो. कापडी पट्टी गुंडाळण्याचाही मोह टाळा. पावसाळ्यात ती ओली राहते आणि आतल्या आत साधा लोखंडी पाइप खाऊन टाकते.

सँडब्लास्टिंग झालं तर सर्वांत उत्तम. कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीत चौकशी करा, पण वेळ अशी घ्या की घरी आणल्या आणल्या रंगवता येईल. आटे आणि गॅस्केट बसायची जागा टेपने झाका, नंतर आतले कण हवेच्या प्रेशरने उडवून टाका. घरी घासत असाल तर वायर कपने गंज काढल्यावर थांबू नका. वायर कपने पत्रा चकचकीत होतो आणि चकचकीत पत्र्याला रंग धरत नाही. ८० ने खडबडीत करा, १८० ने चरे एकसारखे करा. मग हातमोजे घालून अॅसिटोनच्या कापडाने पुसत राहा, कापड पांढरं निघेपर्यंत. रॉकेल, डिझेल, पेट्रोल यांपैकी काहीही वापरू नका, तेलकट थर मागे राहतो. हातमोजा न घालता लावलेला एक अंगठा तापल्यावर रंगात जशाचा तसा उमटतो.

डबा दोन मिनिटं हलवा. वीतभर अंतरावरून, हात सतत फिरता ठेवून तीन पातळ हात द्या, दोन हातांमध्ये दहा मिनिटं. पहिल्या हातातून पत्रा दिसला तरी चालेल. बेंडची आतली बाजू आणि फ्लँजच्या (पोर्टवर नटांनी आवळायच्या कडीच्या) मागचा भाग आधी मारा, तिथेच राहून जातं. रात्रभर वाळू द्या.

बसवताना रंग अजून कच्चा असतो, नखानेही निघतो. सुती हातमोजे घाला. बोळा काढलात ना? स्टडच्या आट्यांना किंचित कॉपर ग्रीस लावा. सगळे नट आधी हाताने, मग पोर्टचे आळीपाळीने, शेवटी सायलेन्सरचा क्लॅम्प आणि ब्रॅकेट. उलट क्रमाने आवळलं तर पाइप ताणात राहतो आणि वेल्डिंगला चीर जाते.

रंग पक्का होतो तो तापूनच. डब्यावर वेळापत्रक दिलं असेल तर तेच पाळा. नसेल तर उघड्या अंगणात, इंजिनासमोर पंखा लावून दहा मिनिटं आयडलिंग, वीस मिनिटं गार. वीस मिनिटं आयडलिंग, वीस मिनिटं गार. शेवटी अर्धा तास. धूर येईल, वासही येईल, ते ठीक आहे. बंद पडवीत हे करू नका. हे पुरं होण्याआधी गाडी पावसात काढली किंवा थेट यवतेश्वरचा घाट चढवला, तर मेहनत गेली.

पावसाळ्यात तापलेल्या पाइपवर पाणी मारू नका. चिखल मात्र गार झाल्यावर त्याच संध्याकाळी धुवा आणि नंतर दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालवा. सायलेन्सरच्या पोटाला बारीक भोक असतं, त्यातून पाणी ठिबकतं म्हणून काही जण ते वेल्ड करून टाकतात; ते उघडंच ठेवा. रेनकोटचं प्लास्टिक चिकटलं तर पाइप गार झाल्यावर लाकडी पट्टीने काढा, सुरीने नाही. नवीन गॅस्केट तापून दबतं, तेव्हा पहिल्या शंभर किलोमीटरनंतर गार इंजिनावर पोर्टचे नट पुन्हा एकदा आवळून घ्या.