रजिस्टर बघून परत येऊ नका: बौद्धिक दिव्यांगांच्या निवासी संस्थेची पाहणी करताना या चुका टाळा

फाटकाशीच गुलाबाचं फूल हातात पडलं की समजावं, आजची पाहणी वाया गेली. अंगणात सडा-रांगोळी झालेली असते, हॉलमध्ये सतरंजीवर 'मुलं' ओळीनं बसवलेली असतात, केसांना तेल, अंगात धुतलेला गणवेश. सगळी एका सुरात नमस्कार करतात. या मुलांमधला एक जण पंचेचाळीस वर्षांचा असतो आणि त्याच्या कानशिलावरचे केस पांढरे झालेले असतात.

मी विशेष शिक्षिका. निवृत्तीनंतर प्रौढांच्या निवासी संस्था बघायला जाते. कधी पाहणी पथकातली तज्ज्ञ सदस्य म्हणून, कधी एखाद्या थकलेल्या आईबरोबर, जिला 'माझ्यामागे याचं कोण' या प्रश्नाचं उत्तर शोधायचं असतं. खाली लिहिलेल्या चुकांपैकी बहुतेक मी स्वतः केल्या आहेत. काही दोनदा.

सकाळी अकराला जाणं

अकरा ही कुठल्याही संस्थेची सर्वांत देखणी वेळ. अंघोळी झालेल्या, फरशी पुसलेली, अधीक्षक हजर. खरी संस्था बघायची तर पहाटे साडेपाचला अंघोळीच्या वेळी जा, दुपारी दोन ते पाच जा, नाहीतर संध्याकाळी सातनंतर. रविवार असेल तर आणखी बरं. एका ठिकाणी मी सातला दहा कमी असताना पोचले, तर दिवे मालवलेले. बत्तीस मोठे पुरुष अंथरुणात, निम्मे टक्क जागे. "इतक्या लवकर?" म्हटलं, तर उत्तर आलं, "यांना झोप फार हो, ताई." झोपेचा काही संबंध नव्हता. दिवसपाळीची माणसं सातला सुटायची, म्हणून जेवणं साडेपाचला उरकून सगळ्यांना आडवं केलेलं.

पालकांना अचानक जायचा अधिकार वगैरे नसतो, पण छत्री विसरायला कुणाची परवानगी लागत नाही. दोन दिवसांनी ती न्यायला जा.

रजिस्टरवर विश्वास ठेवणं

कायद्याचे कागद पंधरा मिनिटांत बघून होतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार नोंदणी प्रमाणपत्राशिवाय अशी संस्था चालवताच येत नाही. प्रमाणपत्र आहे का, मुदत कधीपर्यंत आहे, आणि मंजूर संख्येपेक्षा खाटा जास्त आहेत का, एवढं बघा आणि उठा. कारण गंमत अशी की जिथे गडबड असते तिथली रजिस्टरं फार सुबक असतात.

एका संस्थेत वजनाचं रजिस्टर चाळत होते. एका बाईंचं वजन एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सातही महिने ५२ किलो. शाई तीच, अक्षर तेच, पेन उचललेलंसुद्धा दिसत नव्हतं. बाई समोरच बसल्या होत्या. गाउनचा गळा खांद्यावरून घसरू नये म्हणून मागे सेफ्टी पिन लावलेली. मी म्हटलं, काटा आणा, आत्ता बघू. काटा शोधण्यात वीस मिनिटं गेली. शेवटी कपाटावर सापडला. त्यात सेल नव्हते.

औषधांचंही तेच. दुपारी एक वाजता रात्री आठच्या गोळीपुढे सही झालेली मी बघितली आहे. सहीकडे बघूच नका, गोळ्या मोजा. किती आणल्या, किती द्यायला हव्या होत्या, किती उरल्या. तिसरीच्या मुलाला जमणारी वजाबाकी आहे, पण पथकातलं कुणी ती करत नाही, कारण तेवढ्यात चहा येतो.

"इथे आवडतं ना?" असं विचारणं

ही माझी सर्वांत जुनी खोड. पंचविशीतल्या एका मुलीला विचारलं, "इथे आवडतं ना गं?" ती म्हणाली, "हो ताई." मी वहीत लिहिलं, समाधानी आहे. थोड्या वेळानं सहज म्हटलं, "कंटाळा येत असेल ना इथे?" ती म्हणाली, "हो ताई." वहीतलं वाक्य खोडलं.

मोठ्या माणसाला, त्यातून पाहुण्याला, 'हो' म्हणायचं हे या मंडळींच्या अंगवळणी पडलेलं असतं. आयुष्यभर 'नाही'चा परिणाम त्यांनी भोगलेला असतो. म्हणून हो-नाहीचे प्रश्न नकोत. "काल संध्याकाळी काय केलंस?" "तुझी पेटी दाखवतेस?" "रात्री लघवीला जायचं झालं तर कुणाला उठवतेस?" असं विचारा. आणि अधीक्षक शेजारी उभे असताना तर काहीच विचारू नका.

ज्यांना बोलताच येत नाही, त्यांच्याशी काय बोलायचं म्हणून पथकं त्यांना वगळतात. तिथे नुसतं बसायचं असतं. इंग्लंडमधल्या तपासनिसांची एक रीत मी उचलली आहे: कोपऱ्यात बसायचं, तीन-चार माणसं ठरवायची आणि दर पाच मिनिटांनी नोंद करायची. हा काय करतोय, चेहरा कसा आहे, याच्याशी कुणी बोललं का. एका दुपारी चार ते पाच बसले. खिडकीजवळच्या एका गृहस्थांपुढे माझ्या बारा नोंदी आहेत. अकरा कोऱ्या. बाराव्यात दोन शब्द, फरशी पुसणाऱ्या मावशींचे: "पाय उचल."

संस्थेच्या अहवालात त्या तासाचं नाव 'मनोरंजन' होतं. टीव्ही चालू होता, हे खरं.

वागण्याला स्वभाव समजणं

"हा मारकुटा आहे", "ही डोकं आपटते, तिची सवयच आहे." असं कुणी म्हटलं की पुढचा प्रश्न विचारा: कधीपासून? सवय तीन आठवड्यांपूर्वी लागली असेल, तर ती सवय नाही. दात दुखतो, कान दुखतो, पोट साफ होत नाही, मासिक पाळीच्या वेदना आहेत. सांगता येत नाही म्हणून डोकं आपटलं जातं. बद्धकोष्ठता ही आपल्याला हसण्यावारी नेण्याची गोष्ट वाटते; हालचाल कमी, पाणी कमी आणि वर मनोविकाराच्या गोळ्या, अशा माणसाचा त्यात जीव जाऊ शकतो. शौचाची नोंद ठेवतात का, हे लाज न बाळगता विचारा. डाउन सिंड्रोम असलेल्या माणसांत थायरॉइडचा त्रास बराच आढळतो आणि स्मृतिभ्रंश इतरांपेक्षा फार लवकर, कधी चाळिशी-पन्नाशीतच, सुरू होतो. संस्थेत मात्र त्याला 'हल्ली आळशी झालाय' म्हणतात.

मग येते शांत करायची गोळी. कुठली गोळी कुठल्या आजारासाठी, कुणी लिहून दिली, डॉक्टरांनी प्रत्यक्ष बघून किती महिने झाले, हे प्रत्येकाबाबत विचारा. फिटसाठी फेनिटॉइन चालू असेल तर तोंड उघडायला सांगून हिरड्या बघा. त्या औषधानं हिरड्या सुजून वाढतात. फिट येणाऱ्या माणसाला अंघोळीला एकटं सोडतात का, हेही बघा. २०१३ साली ऑक्सफर्डच्या एका सरकारी केंद्रात अठरा वर्षांचा मुलगा टबमध्ये फिट येऊन बुडाला. बादलीच्या अंघोळीत बुडणार नाही, पण ओल्या शहाबादीवर डोकं फुटायला किती वेळ लागतो?

न्हाणीघर टाळणं

संकोचानं आपण तिथे डोकावत नाही. डोकवा. सकाळी नऊला दात घासायचे ब्रश हातात घेऊन बघा. सगळे कोरडे ठक्क असतील तर कुणाचे दात घासले गेलेले नाहीत. टॉवेल माणशी एक आहे की खिळ्याला दोनच? आतून कडी आहे का? बायकांना अंघोळ कोण घालतं? पॅड कुठे ठेवतात, कोण देतं, वापरायला कुणी शिकवलं?

हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक नाही. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढून टाकली, ती त्यांना पाळीची स्वच्छता राखता येत नाही या कारणानं. देशभर गदारोळ झाला, मग पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. आज कायदा स्पष्ट सांगतो की मोकळ्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय मूल न होण्यासारखी शस्त्रक्रिया दिव्यांग व्यक्तीवर करता येणार नाही. पण सहा महिने रोज समजावून पॅड लावायला शिकवणारी मावशी संस्थेत आहे का, ते कायद्यात दिसत नाही. ते न्हाणीघरात दिसतं.

मोठ्यांना मुलं म्हणणं

भिंतीवर छोटा भीम, हातात ठोकळे, वय अडतीस. अठरानंतर या माणसांचं काय, हा प्रश्न आपल्याकडे मुळातच रेंगाळलेला आहे. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर, ज्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली, ते हीच मागणी वर्षानुवर्षं करत आले आहेत: बालगृहातल्या दिव्यांग मुलांना अठराव्या वर्षी बाहेर काढू नका, त्यांच्या आजन्म पुनर्वसनाचा कायदा करा. राहायची सोय झाली तरी आत गेल्यावर माणूस मूलच राहतो. स्वतःचं काम, खिशात दहा रुपये, आज कुठला शर्ट घालायचा हे ठरवायची मुभा, यांतलं काय काय आहे ते विचारा. पैशांबाबत एवढंच: पासबुक कुणाच्या ताब्यात आहे आणि पैसे कुणी, कशासाठी काढले, ते बघा.

कुलपाची किल्ली न विचारणं

रात्रपाळीला किती जण, असं विचारल्यावर कागदावरचा आकडा मिळतो. "काल रात्री कोण होतं?" असं विचारलं की नाव मिळतं, किंवा मिळत नाही. मग विचारा, मागच्या दाराची किल्ली रात्री दोनला कुठे असते. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तामिळनाडूतल्या एरवाडीला मनोरुग्णांच्या एका आश्रमाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेली २८ माणसं जळून मेली. आपल्याकडे साखळ्या नाहीत, असं सगळे सांगतात. कुलपं मात्र आहेत. किल्ली आणायला सांगा आणि घड्याळ बघा.

'चांगली' या शिक्क्यावर निर्धास्त होणं

इंग्लंडमध्ये स्वतंत्र तपासणी आयोग आहे, श्रेणी देण्याची पद्धत आहे. (तिथे 'लर्निंग डिसॅबिलिटी' म्हणतात ती आपली बौद्धिक अक्षमता, आपल्याकडे ते शब्द डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेसाठी वापरतात, म्हणून तिकडचं काही वाचताना घोटाळा होतो.) ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खाजगी रुग्णालयातला छळ २०११ साली बीबीसीच्या छुप्या कॅमेऱ्यानं दाखवला. तिथल्या एका नर्सनं आयोगाला आधीच कळवलं होतं. दखल घेतली गेली नव्हती. अकरा कर्मचाऱ्यांना शिक्षा झाल्या, सहा जण तुरुंगात गेले. त्यानंतर सगळे शहाणे व्हायला हवे होते. २०१९ साली डरहॅम परगण्यातल्या व्हॉर्लटन हॉलमध्ये पुन्हा तेच, पुन्हा छुपा कॅमेरा. त्या जागेला आयोगानंच 'चांगली' अशी श्रेणी दिलेली होती, आणि २०१५ साली एका तपासनिसानं लिहिलेला काळजीचा अहवाल प्रसिद्धच झाला नव्हता.

तिथे आत जाणारे डॉक्टर, अधिकारी थोडे नव्हते. सगळे बैठकीच्या खोलीपर्यंत जात होते.

तक्रार तिथल्या तिथे फोडणं

ही चूक लिहायला मला जड जातं. एका तरुणानं माझा हात धरून एका काळजीवाहकाचं नाव घेतलं आणि स्वतःच्या पाठीवर चापट मारून दाखवली. मी तावातावानं अधीक्षकांच्या खोलीत गेले आणि त्याच्यादेखतच विचारलं, "हा काय म्हणतोय?" सगळ्यांनी हसून नेलं. पुढच्या वेळी गेले तेव्हा तो माझ्याजवळ आला नाही. लांबून बघत राहिला.

आता मी ऐकते, मान हलवते, त्याचेच शब्द तारीख-वेळेसकट लिहून घेते, अंगावरच्या खुणा बघते आणि बाहेर पडून कळवते. २०१६च्या कायद्याच्या कलम ७ नुसार अशा छळाची माहिती कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कुणीही देऊ शकतं. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर सरळ पोलीस. स्वयंपाकाच्या मावशी, वॉचमन, गाडीचे दादा यांच्याशी बोलताना तर जास्तच जपावं. त्यांना सगळं माहीत असतं आणि त्यांची नोकरी सर्वांत कच्ची असते.

'सर्व समाधानकारक' असं लिहून मोकळं होणं

जे बघितलं ते वेळेसकट लिहा. '६.५० वाजता दिवे बंद, ३२ जण अंथरुणात' हे एक वाक्य पानभर अभिप्रायापेक्षा बरं. काय सुधारायचं, कधीपर्यंत, हेही लिहा आणि पुन्हा जा, न सांगता. त्या वजनाच्या रजिस्टरापुढे मी लिहिलं होतं: काट्यात सेल घालावेत, सर्वांचं वजन आठ दिवसांत करून कळवावं. आठ दिवसांत काही आलं नाही. तीन आठवड्यांनी रविवारी दुपारी मी खिशात दोन सेल घेऊन गेले. काटा अजून कपाटावरच होता. त्या बाईंना हाताला धरून वर उभं केलं. ४३ किलो.