जुन्या जिप्सीचा, जीपचा आवाज नक्की कुठून येतोय? हाऊसिंग खोलायच्या आधी हे करून बघा

जुनी फोर-बाय-फोर म्हटली की आवाज असणारच. जिप्सी असो, एमएम ५४० असो नाहीतर मेजर, ट्रान्सफरमधले (गिअरबॉक्समधून आलेली ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारा डबा) गिअर थोडेफार गातातच आणि त्याला काही इलाज नाही. चिंता करायची ती नवीन आवाजाची, जो मागच्या महिन्यात नव्हता आणि आता आहे. असा आवाज घेऊन गॅरेजला गेलं की बऱ्याच ठिकाणी पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "क्राऊन-पिनियन गेलं साहेब", म्हणजे दोन चाकांच्या मधल्या डिफरेन्शियलमधली मोठ्या-छोट्या गिअरची जोडी. मग त्याचं हाऊसिंग (बाहेरचं कवच) उतरतं, पैसे जातात आणि आवाज आहे तिथेच, कारण दोष असतो प्रोपेलर शाफ्टच्या (ट्रान्सफरपासून डिफरेन्शियलपर्यंत जाणारा दांडा) एखाद्या क्रॉसमध्ये (त्याच्या सांध्यातला अधिक-चिन्हासारखा तुकडा), जो त्या खर्चापुढे अगदी किरकोळ पार्ट आहे. म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी एवढंच शोधायचं की आवाज कशाप्रमाणे बदलतो, इंजिनच्या आरपीएमप्रमाणे, गाडीच्या स्पीडप्रमाणे, की ॲक्सिलरेटर दाबण्या-सोडण्याप्रमाणे.

रिकामा सरळ रस्ता बघा, आवाज येतो त्या स्पीडला गाडी न्या आणि क्लच दाबून न्यूट्रल करा, इंजिन आयडलवर येऊ द्या पण बंद करू नका, नाहीतर स्टिअरिंग लॉक व्हायचं आणि ब्रेकही जड जायचा. आवाज तसाच राहून गाडीच्या स्पीडबरोबर कमी होत गेला तर गिअरबॉक्सला मोकळं सोडा, दोष त्याच्या मागे आहे, ट्रान्सफर, शाफ्ट, डिफरेन्शियल, चाक, टायर यापैकी कुठेतरी. एकदम गायब झाला तर इंजिन-क्लच-गिअरबॉक्सकडे बघा, किंवा मग तो लोडखाली येणारा आवाज आहे, त्याचं पुढे सांगतो.

दुसरी टेस्ट गाडी उभी ठेवून. ट्रान्सफरचा लिव्हर न्यूट्रलला टाका, गिअरबॉक्स गिअरमध्ये टाका आणि क्लच सोडा. चाकांना दगड लावायला विसरू नका, कारण ट्रान्सफर न्यूट्रल असताना गिअर गाडीला धरून ठेवत नाही. आता गिअरबॉक्स फिरतोय आणि पुढचा-मागचा शाफ्ट थांबलेला आहे, म्हणजे आवाज आला तर तो शाफ्टच्या आधीच्या भागातला. जिप्सीत गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर वेगळे, मध्ये एक छोटा शाफ्ट असतो, तोही या टेस्टमध्ये फिरतो आणि त्याच्याकडे कुणी बघतच नाही. जुन्या महिंद्रा जीपमध्ये ट्रान्सफर थेट गिअरबॉक्सला बोल्टने बसलेला, त्यामुळे तिथे ही भानगड नाही.

आता मोजणी, माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट हीच आणि फुकट. काचा खाली करून एखाद्या लांब कंपाऊंडच्या भिंतीला लागून चालण्याच्या स्पीडने गाडी न्या, भिंतीवरून आवाज परत येतो आणि स्पष्ट ऐकू येतो. शाफ्ट चाकापेक्षा जोरात फिरतो, डिफरेन्शियलच्या रेशोप्रमाणे चाकाच्या एका फेरीत साधारण ४ ते ५ वेळा. जिप्सीचं मूळ मापाचं चाक एका फेरीत सुमारे २ मीटर जातं. म्हणजे २ मीटरला एकदा "टक" येत असेल तर चाक, ब्रेक ड्रम, टायरमध्ये अडकलेला खडा असलं काहीतरी, आणि तेवढ्याच अंतरात चार-पाच वेळा चूं चूं चूं होत असेल तर शाफ्ट किंवा पिनियन. कुणाला तरी बाजूने चालायला सांगून चाकावर खडूची खूण बघत मोजलंत तर अजून सोपं.

ती चिमणीसारखी चूं चूं बहुतेक वेळा कोरड्या पडलेल्या क्रॉसची असते. आत सुईसारखे बारीक रोलर असतात, ग्रीस संपलं की गंजतात आणि कपाच्या कडेने लालसर भुकटी बाहेर येते. (कोकणातून आला असाल तर आधी गाडी धुवा, लाल मातीत लाल गंज कुणाच्या बापाला दिसायचा नाही.) ग्रीस मारताना चारही कपातून नवीन ग्रीस बाहेर यायला हवं, तीनमधून आलं आणि चौथा कोरडा राहिला तर तो क्रॉस बदलायचाच. इथे एक फसगत होते, ग्रीस मारल्यावर खराब क्रॉसही काही दिवस गप्प बसतो आणि आपण खूश होतो, मग घाटात पुन्हा सुरू.

गिअर टाकून क्लच सोडताना किंवा ॲक्सिलरेटर सोडून परत दाबताना "खट्ट" होत असेल तर कुठेतरी प्ले (ढिलेपणा) साठलाय. सपाट जागा, चाकांना दगड, न्यूट्रल, इंजिन बंद, आणि खाली जाऊन शाफ्ट हाताने डावी-उजवीकडे फिरवा. जुन्या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफरच्या मागे शाफ्टवरच असतो, तिथे या टेस्टला हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून दगड भक्कम हवेत. क्रॉसच्या दोन्ही बाजू एकदम हलल्या पाहिजेत, एक हलते आणि दुसरी मागून येते असं दिसलं की क्रॉस गेला. मग स्लिप जॉइंट (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणारा दातेरी सांधा) वर-खाली हलवून बघा. डिफरेन्शियलच्या तोंडाशी थोडा प्ले असतोच, त्याला घाबरून हाऊसिंग खोलू नका. हे सगळं ठीक निघालं तर ट्रान्सफरचे फाउंडेशन रबर, स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्ट आणि शॅकलचे बुश बघा. रबर फाटलेला असला की अख्खा ट्रान्सफर उड्या मारतो आणि आवाज मात्र थेट डिफरेन्शियल तुटल्यासारखा येतो.

आता लोडवरचा आवाज. डिफरेन्शियलची "हूंऽऽ" ठराविक स्पीडला येते आणि पायाबरोबर बदलते. दाबल्यावर येते आणि सोडल्यावर जाते, किंवा उलटं, तर क्राऊन-पिनियनची दातावर दात बसण्याची जागा बिघडलीय, पिनियनचं बेरिंग सैल झालं की हे होतं. पायाशी काही संबंध नसलेली जाड गुरगुर असेल तर बेरिंग धरा. सरळ रस्त्यावर काही नाही आणि फक्त वळताना आतून खडखड, तर आतले छोटे गिअर.

चाकाच्या बेरिंगसाठी ४०-५० च्या स्पीडला, मागेपुढे कुणी नसताना, हलकेच डावी-उजवीकडे वळवा. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर येतं, तेव्हा गुरगुर वाढली तर संशय उजव्या बाजूवर. नंतर चाक उचलून वर-खाली धरून हलवा. पुढच्या चाकात प्ले दिसला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा, प्ले गेला तर बेरिंग, राहिला तर नकलची (चाक वळतं त्या सांध्याची) बेरिंगं. उचललेली गाडी स्टँडवर, नुसत्या जॅकवर नाही. आणि शाफ्टवर हँडब्रेक असलेल्या जीपचं एक मागचं चाक हवेत गेलं की तो हँडब्रेक गाडी धरत नाही, डिफरेन्शियलमुळे दुसरं चाक मोकळं फिरतं, त्यामुळे पुढच्या चाकांना दगड लागतातच. मड टायर टाकले असतील तर अर्धी गुरगुर त्यांचीच असते हेही लक्षात ठेवा, गुळगुळीत डांबरावर आणि खरखरीत काँक्रीटवर आवाज वेगवेगळा आला तर टायरच.

पुढची बाजू की मागची हे जिप्सीत झटकन कळतं. टू-एचमध्ये (फक्त मागची चाकं ओढतात) पुढच्या चाकांचे हब फ्री ठेवून चालवा, मग लॉक करून चालवा. फक्त लॉक असताना आवाज आला तर पुढचा शाफ्ट, पुढचं डिफरेन्शियल किंवा एक्सेल. असे फ्री होणारे हब नसलेल्या जीपचा पुढचा शाफ्ट काढून टू-एचमध्ये एक चक्कर मारा, पण काढायच्या आधी पंचने खुणा करून घ्या, कारण स्लिप जॉइंट एक-दोन दात सरकून बसला तर दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे फाटे) एका रेषेत राहत नाहीत आणि गाडी थरथरायला लागते. फोर-व्हीलमध्ये पूर्ण वळण कापताना पुढून कट कट आली तर सीव्ही जॉइंट (पुढच्या चाकाजवळचा सांधा) बघा. वळण नसतानाही कटकट आणि पुढची चाकं ओढत नसतील तर एखादा हब अर्धवट लॉक झालाय, खाली उतरून दोन्ही हब नीट फिरवा.

डांबरावर फोर-एच (चारही चाकं ओढतात) टाकून वळलात आणि गाडी अडखळली, धाडकन आवाज आला, लिव्हर निघेना, तर काही बिघडलेलं नाही. या गाड्यांना मधलं डिफरेन्शियल नसतं, वळताना पुढची चाकं जास्त अंतर जातात आणि ताण शाफ्टमध्ये साठतो. सरळ रेषेत थोडं रिव्हर्स घ्या, लिव्हर सुटेल. पण डांबरावर परत टाकू नका.

शेवटी ऑइल. आधी भरायचा बोल्ट सुटतो का ते बघा आणि मगच खालचा सोडा, नाहीतर ऑइल जमिनीवर आणि भरायला वाट नाही. राखाडी बारीक पेस्ट चालते. नखाएवढे चकचकीत तुकडे दिसले तर गाडी तिथेच थांबवा. गिअरबॉक्समधून पितळी चुरा आला तर सिंक्रो रिंगा (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या) झिजल्यात. ऑइल दुधाळ असेल तर पाणी गेलंय, पावसाळ्यात ओढे पार करणाऱ्यांना हे ठरलेलंच, कारण तापलेलं हाऊसिंग थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा ये-जा करायची वाट) तुंबलेला असला तर सीलमधून पाणी ओढलं जातं. म्हणून ऑइलबरोबर ब्रीदरही साफ करा.

एवढं करून क्राऊन-पिनियनच निघालं तर जोडी एकत्र घ्या, जुन्या क्राऊनवर नवीन पिनियन चालत नाही. आणि मिस्त्रीकडे डायल गेज (बारीक अंतर मोजायचं साधन) आहे का ते विचारा, दातांमधला प्ले साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या आसपास शिम (पातळ चकत्या) टाकून बसवायचा असतो, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळतो. "हाताच्या अंदाजाने बसवतो" म्हणाला तर गाडी दुसरीकडे न्या.