जेवणानं शुगर सांभाळायचीय आणि डॉक्टरांना ते पटत नाही, तेव्हा बोलायचं कसं

आईला टाइप 2 डायबेटिस आहे आणि ओपीडीत तिच्याबरोबर कायम मीच बसते, त्यामुळे हे लिहितेय. ज्यांना ताटातलं बदलून शुगर आटोक्यात आणायचीय, घरी ग्लुकोमीटरवर बघायचंय, आणि समोरून ऐकायला मिळतं की "कशाला रोज टोचून घेता, गोळ्या घ्या, तीन महिन्यांनी या", त्यांना याचा उपयोग होईल. पटत नसेल तर बोललंच पाहिजे, फक्त तयारीनं जायचं.

सगळ्यात आधी गोळ्या बघा, वाद नंतर. पाकिटावरचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचायचं, कारण आपल्याकडे एका गोळीत दोन-दोन, तीन-तीन औषधं असतात आणि घरात सगळे तिला नुसतं "शुगरची गोळी" म्हणतात. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड असेल, किंवा इन्सुलिन चालू असेल, तर भात-पोळी एकदम निम्म्यावर आणली की शुगर 70 च्या खाली जाऊ शकते, घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस गोंधळतो. असं झालं तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि 15 मिनिटांनी परत तपासायचं. नुसत्या मेटफॉर्मिनवर सहसा असं होत नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांवर असताना कडक उपास केले किंवा कर्बोदकं जवळजवळ बंद केली तर शरीरात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढून जिवावर बेतू शकतं, आणि तेव्हा मीटरवर शुगर फार जास्त दिसेलच असं नाही. दीक्षित डाएट करणारे खूप जण आहेत, दोनदा जेवायचं, 55 मिनिटांत संपवायचं, पण गोळ्या मात्र आधी तीन वेळा खायचो तेव्हाच्याच चालू, हे फार घातक आहे. जेवण बदलायच्या आधी डोसचं विचारायचं आणि गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही, यावर माझं काही दुमत नाही.

आता तपासण्याबद्दल. डॉक्टर नको म्हणतात त्याला आधार आहे. इन्सुलिन न घेणाऱ्या टाइप 2 वाल्यांनी नुसती शुगर मोजत राहिल्यानं एचबीएवनसीमध्ये (साधारण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) फारसा फरक पडत नाही असं अभ्यासांत दिसलंय, ब्रिटनमध्ये तर अशा पेशंटना सरसकट मीटर-स्ट्रिप देऊ नका अशीच मार्गदर्शक सूचना आहे. रोज सकाळी उपाशीपोटी एक आकडा, तो वहीत, आणि जेवण जसंच्या तसं, याने काही होत नाही हे मलाही मान्य आहे. आकडा बघून ताटातलं काही बदललं तरच स्ट्रिपचे पैसे वसूल.

म्हणून जोडीनं तपासायचं. जेवायच्या आधी एकदा आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी एकदा, आणि काय-किती खाल्लं ते शेजारी लिहायचं. रोज नको, एका आठवड्यात एकच जेवण धरायचं, या आठवड्यात नाश्ता, पुढच्या आठवड्यात रात्रीचं. आईचं उदाहरण सांगते. बटाटा घातलेले प्लेटभर पोहे आणि वर चहा, आधी 112, नंतर 221. तेच पोहे अर्धी वाटी आणि बरोबर वाटीभर मोडाची मटकी, आधी 109, नंतर 163. ज्वारीची भाकरी कितीही खा चालते असं घरातले सगळे सांगायचे, पण दोन भाकऱ्यांनी तिची शुगर पोळ्यांइतकीच चढते, एका भाकरीबरोबर भरपूर पालेभाजी आणि दही असलं की नाही चढत. हे कुठल्याच छापील चार्टवर लिहिलेलं नसतं. साधारण उपाशीपोटी 80 ते 130 आणि जेवणानंतर 180 च्या आत असं धरतात, वय जास्त असेल, हार्टचं किंवा किडनीचं काही असेल तर डॉक्टर थोडं सैल ठेवतात, तुमचा आकडा कोणता ते विचारून घ्या.

"घरच्या मशिनचं काही खरं नसतं" हे हमखास ऐकायला मिळतं. मीटरच्या आंतरराष्ट्रीय मानकात 100 च्या वरच्या शुगरला 15 टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे लॅबमध्ये 200 आली तर मीटरवर 170 ते 230 मधलं काहीही बरोबरच धरायचं. त्यामुळे आठ-दहा पॉइंटच्या फरकावर भांडू नका. त्यापेक्षा लॅबमध्ये उपाशीपोटीचं रक्त देताना तिथेच बोट टोचून रीडिंग घ्या आणि रिपोर्टवर पेनानं लिहा, पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर दोन्ही आकडे शेजारी असतात. जेवणानंतरचं असं ताडून बघू नका, तेव्हा बोटाचं रीडिंग शिरेतल्या रक्तापेक्षा जास्त येऊ शकतं. हात आधी साबणानं धुवा, आंबा कापलेल्या हातानं टोचलं तर शुगर आंब्याची येते. आणि उलट त्यांना एक विचारा, हिमोग्लोबिन किती आहे? लोह कमी असेल तर एचबीएवनसी उगाच जास्त दिसू शकतं, नुकतंच रक्त गेलं किंवा चढवलं असेल तर कमी, अशा वेळी घरच्या रीडिंगला जास्त किंमत येते.

ओपीडीत आपल्या वाट्याला पाच मिनिटं येतात. सगळी वही पुढे करू नका, एका कागदावर सात-आठ जोड्या आणि एकच प्रश्न. "नेटवर वाचलं" असं सुरू केलं की पुढचं कोणी ऐकत नाही. आम्ही साधारण असं म्हणालो, "डॉक्टर, गोळी बंद करा म्हणत नाही. नाश्ता बदलल्यावर हे आकडे आलेत. तीन महिने असंच करून बघू द्या, एचबीएवनसी 7 च्या वर राहिलं तर तुम्ही म्हणाल ते औषध वाढवू. चालेल का?" यात मुदत आहे आणि आपण हरलो तर काय तेही ठरलेलं आहे, त्यामुळे नाही म्हणणं त्यांनाही जड जातं. हो म्हणाले तर केसपेपरवर लिहून घ्या, कारण पुढच्या वेळी तिथे दुसरेच डॉक्टर बसलेले असू शकतात.

डायटिशियनचा चार्ट पटला नाही तर "हे चुकीचं आहे" न म्हणता विचारा, यात दिवसाला कर्बोदकं किती ग्रॅम होतात? आयसीएमआर-इंडियाब या देशभरातल्या डायबेटिसच्या पाहणीत आपल्या जेवणातल्या साधारण 62 टक्के कॅलरी कर्बोदकांतून येतात असं दिसलंय, आणि तरी चार्टवर दर दोन तासांनी मारी बिस्किट, मुरमुरे, पुन्हा चहा. जेवणानं काही होत नाही म्हणणाऱ्यांना ब्रिटनमधली 2017 ची डायरेक्ट ट्रायल सांगा, सहा वर्षांच्या आतला डायबेटिस असलेल्यांचं वजन आहारातून कमी केलं तर वर्षाअखेरीस 46 टक्के लोक रेमिशनमध्ये होते, म्हणजे औषधांशिवाय त्यांची शुगर डायबेटिसच्या पातळीखाली होती. पण तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आणि क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा रक्तातला आकडा) वाढलेलं असेल तर डाळी, अंडी, पनीर वाढवताना डायटिशियनचंच ऐका.

एवढं करून दार बंदच असेल तर दुसरं मत घ्या, तो आपला हक्क आहे, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत तसं आहे. कागद मागितल्यावर 72 तासांत द्यावेत असा 2002 च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांत उल्लेख आहे, आधीचे कागद घेऊनच नव्या डॉक्टरांकडे जा. उलट्या, जोरजोरात श्वास, ग्लानी, किंवा सतत 300 च्या वर असं असेल तर मात्र मतभेद बाजूला ठेवून थेट कॅज्युअल्टी गाठा.

अ‍ॅडमिट असताना खरी कसोटी लागते. एकदा आईच्या "डायबेटिक" ट्रेमध्ये दोन पांढरे ब्रेड, शिरा आणि गोड वासाचं कसलं तरी सरबत आलं होतं. घरचा डबा चालेल का हे भरती होतानाच विचारून फाइलवर लिहून घ्या. घरची गोळी गुपचूप देऊ नका, आणि ट्रे न खाता परत तर मुळीच पाठवू नका. वॉर्डात इन्सुलिन त्या जेवणाच्या हिशोबानं ठरवलेलं असू शकतं, सुई टोचली आणि पेशंट जेवलाच नाही तर शुगर कोसळते. त्यामुळे सिस्टर डोस भरायच्या आधीच सांगायचं, "सिस्टर, आई शिरा खाणार नाहीये, डब्यातली एक भाकरी आणि भाजी खाईल, तर डोस किती घ्यायचा ते डॉक्टरांना विचारता का?"